न्यायालयाच्या पायरीआधीची पायरी

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. खर्च, विलंब आणि मनस्ताप यांचा अनुभव तिच्या मुळाशी आहे, हे नाकारता येणार नाही. तथापि कोर्ट टाळावयाचे म्हणून वकिलाचा सल्लाही टाळावयाचा, असा जो अर्थ या म्हणीचा लावला जातो, तो मात्र घातक होय. सल्ला वेळीच घेतला तर पुष्कळसे तंटे न्यायालयापर्यंत जातच नाहीत. रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर याचा प्रत्यय विशेष येतो.

१ जानेवारी १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात जमिनीवरील हक्काचा लढा जुना आहे. अलिबाग तालुक्यातील चरी व परिसरातील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ या काळात खोतांच्या जमिनी न कसण्याचा संप केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९४८ च्या कुळकायद्याने कसणाऱ्याला संरक्षण मिळाले आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरून कुळे जमिनीची मालक मानली गेली. एवढ्या सायासाने लाभलेला हक्क एका न वाचलेल्या कागदावरील सहीने जाऊ नये, हाच कायदेविषयक सल्ल्याचा खरा हेतू आहे.

सही करण्यापूर्वी

मांडवा, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या भागांत जमिनीला शहरातून मागणी आहे. खरेदी करणारा बहुधा आपला वकील किंवा मुंबईचा सॉलिसिटर घेऊन येतो, तर विकणाऱ्याच्या बाजूस कोणीच नसते. (सॉलिसिटर हा वकिलांचा निराळा वर्ग १९७६ च्या दुरुस्तीने संपुष्टात आला, आज तेही अधिवक्ता अधिनियमाखाली नोंदलेले वकीलच होत.) खरेदीखताचा मसुदा करणारा वकील खरेदीदाराचा असतो व त्याची बांधिलकी आपल्या पक्षकाराशी असते. त्यात गैर काही नाही. परंतु तोच आपलाही सल्लागार आहे, असे विकणाऱ्याने समजू नये.

कुलमुखत्यारपत्र, साठेखत व खरेदीखत यांतील भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. केवळ कुलमुखत्यारपत्राने स्थावर मिळकतीची मालकी हस्तांतरित होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला आहे. जमीन कुळकायद्याने मिळालेली असल्यास तिच्या हस्तांतरावर त्या कायद्याच्या कलम ४३ ची बंधने येतात. सातबारावरील नाव हा महत्त्वाचा पुरावा खरा. पण फेरफार नोंदीने मालकी निर्माण होत नाही, हे तत्त्व न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे.

हक्कसोडपत्राविषयी तर अधिकच दक्षता हवी. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. माहेरच्या मायेपोटी बहिणीने हक्क सोडावयाचा असल्यास तो तिने खुशाल सोडावा; परंतु काय सोडत आहोत, हे समजून घेऊन सोडावा.

मुदत आणि योग्य दार

हक्क असूनही दावा फसतो, तो पुष्कळदा उशिरामुळे. फेरफाराची नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत हरकत घ्यावी लागते. नोंद मंजूर झाल्यास प्रांताधिकाऱ्यांकडे अपिलाची मुदत ६० दिवसांची आहे. शेताची वहिवाटीची वाट अडविल्यास १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे ६ महिन्यांच्या आत दाद मागता येते. मालकी हक्काचा वाद मात्र दिवाणी न्यायालयातच सुटतो. तंटा कोणत्या दारी न्यावयाचा, हे सांगणे हेच वकिलाचे पहिले काम होय.

वकील कसा निवडावा

फौजदारी खटले चालविण्यात निष्णात असलेला वकील महसुली कामात तितकाच जाणकार असेल असे नाही. म्हणून आपल्या प्रकारची कामे तो नेहमी करतो काय, हे प्रथम विचारावे. जाताना सातबारा, जुने फेरफार, आठ-अ, नकाशा, आलेल्या नोटिसा आणि घटनांची तारीखवार टिपणे सोबत न्यावीत. प्रतिकूल कागदही लपवू नये. फी, न्यायालयीन शुल्क व इतर खर्च किती, हे आरंभीच विचारून घ्यावे व दिलेल्या पैशाची पावती घ्यावी. वकीलपत्र वाचल्यावाचून त्यावर सही करू नये.

वकिलांना जाहिरात करण्यास वा दलालामार्फत काम मिळविण्यास मनाई आहे. निकालावर अवलंबून असलेली फी किंवा मिळकतीतील हिस्सा ठरविणे हेही नियमबाह्य आहे. म्हणून जिंकून देण्याची हमी देणाऱ्यापासून दूर राहावे. व्यावसायिक गैरवर्तनाबद्दल महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे तक्रार करता येते.

विनामूल्य साहाय्य

फी परवडत नाही म्हणून हक्क सोडून देण्याचे कारण नाही. १९७६ च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ अंतर्भूत झाले आणि १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्यानुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतील व्यक्ती व आपद्‌ग्रस्त यांना, तसेच विहित मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांना विनामूल्य वकील मिळू शकतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाचा तडाखा बसलेल्या या किनाऱ्यास आपद्‌ग्रस्तांसाठीच्या तरतुदीचे मोल वेगळे सांगावयास नको.

अर्ज अलिबाग येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अथवा तालुका विधी सेवा समितीकडे करावा. १५१०० हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकही उपलब्ध आहे. लोकअदालतीत तडजोड झाल्यास तिचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासमान असतो, भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते आणि त्यावर अपील होत नाही. अपील नाही म्हणूनच तडजोडीच्या अटी पुरत्या समजून घेतल्यावाचून मान्य करू नयेत.

गावाची जबाबदारी

सरपंच, शिक्षक व ग्रामपंचायतीचे सदस्य यांच्याकडे लोक विश्वासाने कागद घेऊन येतात. त्यांनी वकिलाची जागा घ्यावी, अशी अपेक्षा नाही. मात्र कागद संपूर्ण वाचून दाखविणे, मुदतीची तारीख लक्षात आणून देणे आणि योग्य कार्यालयाचा पत्ता सांगणे, एवढे तरी ते खचित करू शकतात. विधी सेवा समितीचा पत्ता व क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळकपणे लिहिला आणि ग्रामसभेत वर्षातून एकदा या विषयाची माहिती दिली, तर सही करण्यापूर्वी विचारण्याची सवय गावास लागेल. तशी सवय जडलेल्या गावातील शहाण्यास कोर्टाची पायरी क्वचितच चढावी लागेल. आणि चढावी लागलीच, तर तो ती एकाकी चढणार नाही.