सेन्सर हलवण्याआधी पिना मोजा

जुनी गाडी घेतली की तिच्याबरोबर आधीच्या मालकाच्या कल्पनाही घरी येतात. माझ्या डिझेल फोर-बाय-फोरच्या बॉनेटखाली अशी एक कल्पना फायरवॉलवर स्क्रूने बसवलेली होती. आत जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर या गाडीत मुळात इनटेक मॅनिफोल्डवर असतो. तो तिथून काढून मागे नेला होता, मॅनिफोल्डवरच्या भोकावर पट्टी बसवून तिथून रबरी नळी ओढली होती. काम दिसायला नीटनेटकं होतं, म्हणून कोणाला शंका आली नाही.

हा उद्योग कोणी हौसेने करत नाही. ईजीआरमधून परत येणारी काजळी आणि ब्रीदरमधून येणारी तेलाची वाफ मॅनिफोल्डात एकत्र आली की डांबरासारखा राडा तयार होतो आणि सेन्सरचं बारीक तोंड त्यात बुजतं. लो रेंजमध्ये रांगत चालणाऱ्या गाडीत तो जरा लवकरच साठतो. सेन्सर लांब नेला की काजळी तिथवर पोचणार नाही, असा हिशेब. काही गाड्यांत कंपनीच सेन्सर फायरवॉलवर ठेवून नळी लावते, हेही खरं. पण तिथे नळीची जाडी, लांबी आणि ईसीयूचं गणित एकमेकांना धरून ठरलेलं असतं.

सपाटीवर माझी गाडी मुकाट चालायची. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढायला लागलं, मागे सामान असलं आणि पाय पूर्ण दाबला, की चेक लाइट लागून पिकअप जायचा. किल्ली बंद करून पुन्हा चालू केली की ठणठणीत. स्कॅनरवर कोड यायचा पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब कमी. एका गॅरेजने लगेच नव्या टर्बोचं कोटेशन हातात ठेवलं. कोड हा नुसता पत्ता सांगतो, गुन्हेगार नाही. पण आपल्याकडे कोड वाचून पार्ट बदलण्याची घाई फार.

त्याऐवजी मॅनिफोल्डवर वेगळी जोडणी काढून साधा काट्याचा प्रेशर मीटर लावला आणि घाट पुन्हा चढला. काटा स्कॅनरच्या आकड्यापेक्षा चांगलाच वर होता. (ही तुलना करताना एक ध्यानात ठेवा: काट्याचा मीटर वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो, मॅप सेन्सर वातावरण धरून सगळा. काटा १.२ बारवर असेल तर स्कॅनरवर मुंबईत साधारण २२१ किलोपास्कल दिसायला हवेत, महाबळेश्वरला २०६च्या आसपास.) टर्बो आपलं काम करत होता, पण त्याचा दाब सेन्सरपर्यंत पोचत नव्हता. क्लॅम्पखाली नळीला बारीक चीर गेली होती. हाताने चाचपून ती सापडत नव्हती. बूस्ट आला की मगच उघडायची.

पिकअप जाणं हा यातला किरकोळ भाग. दाब कमी दिसला की ईसीयू व्हीजीटी टर्बोच्या पाती आणखी मिटवतो. खरा दाब आधीच पुरेसा असतो, त्यात टर्बो गरजेपेक्षा जास्त वेगाने फिरू लागतो. चांगला टर्बो अशानेच जातो, आणि मग कोटेशन देणारा खराही ठरतो! नळी फुटण्याऐवजी बुजली तर लक्षण वेगळं: दाबाची खबर उशिरा पोचते, पाय दाबल्यावर गाडी दम खाते आणि गिअर बदलताना काळा धूर सोडते.

नळी बदलली असती तर विषय संपला असता. पण सेन्सर उतरवल्यावर दिसलं की त्याला चार पिना आहेत. तीन पिनांचा सेन्सर फक्त दाब मोजतो. चार पिनांच्या सेन्सरमध्ये सहसा हवेचं तापमान मोजणारा भागही असतो. नळीच्या टोकाला हवा वाहत नाही, साचून राहते. म्हणजे ईसीयू इतके दिवस इंटरकूलरमधून आलेल्या हवेऐवजी फायरवॉलची धग मोजत होता. गाडी वेगात पळाली तरी स्कॅनरवर हवेचं तापमान खाली का येत नाही, याचं उत्तर मिळालं. मी पट्टी काढली आणि सेन्सर परत मॅनिफोल्डवर, नव्या ओ-रिंगसह बसवला.

तुमचा सेन्सर तीन पिनांचा असेल आणि तो हलवायचाच असेल, तर तो मॅनिफोल्डपेक्षा उंचावर, तोंड खाली करून बसवा. नळी सबंध उताराची हवी. मध्ये झोळ पडला की तिथे तेल साठलंच. ती जाड भिंतीची, तेलाला टिकणारी नायट्राइल रबराची आणि शक्य तितकी आखूड घ्या. काच धुण्याच्या पाण्याची नळी चालत नाही; साधी सिलिकॉन नळी उष्णता सोसते, पण तेलापुढे तिचा भरवसा नाही. टर्बो आणि ईजीआर पाइपपासून ती दूर ठेवा. मूळ वायरिंग कापू नका, दोन्ही टोकांना जुळणारे कपलर लावून जोडवायर करा. कपलर पाण्याच्या फवाऱ्यात येणार नाही हे बघा, कारण तापलेला कपलर ओढ्यात बुडाला की आतली हवा आक्रसते आणि पाणी आत ओढते. मॅनिफोल्डला नवं भोक पाडायचं असेल तर तो उतरवूनच. ॲल्युमिनियमचा कीस इंजिनात गेला तर पुढचं बोलायला नको.

ईजीआरच बंद करून टाका, हा सल्ला हमखास मिळेल. तो मानू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये ते बसत नाही.

काम झालं की इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली चालू करा आणि स्कॅनरवर दाब बघा. तो त्या गावच्या हवेइतकाच हवा: मुंबईत १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५च्या आसपास, महाबळेश्वरला ८६-८७. एवढ्याने सेन्सर बरोबर आहे हे कळतं, नळी बरोबर आहे हे नाही. त्यासाठी मीटर लावून एक घाट चढावाच लागतो.

आणि पिना चार असतील तर सेन्सर आहे तिथेच राहू द्या. दर सर्व्हिसला काढून इलेक्ट्रॉनिक पार्ट साफ करण्याच्या स्प्रेने धुवा; टाचणी घालू नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतला पडदा नाजूक असतो.