चारच गोल खाल्लेस ना?

ये, बस इथे. चहा ठेवलाय. आधी ते तोंड पाडून बसणं बंद कर बघू. चार गोल खाल्लेस, आभाळ नाही कोसळलं.

खरं सांगू का, गोलकीपरचा हिशेब स्वयंपाकघरासारखाच असतो. अख्खं ताट झकास होऊ दे, बोलणी बसणार ती आमटीतल्या मिठावरून. नऊ फटके अडवलेस ते कुणाच्या लक्षात नाहीत, सुटलेला दहावा गावभर होतो. मी कॉलेजात असताना एकदा प्रेक्षकांतल्या मैत्रिणीला हात केला आणि चेंडू पायांतून गेला! अजून लग्नकार्यात मैत्रिणी भेटल्या की त्यावरून हसतात मेल्या.

आपली भारताची गोलकीपर अदिती चौहान बघ. दिल्लीत वाढली, आधी कराटे आणि बास्केटबॉल खेळायची. इंग्लंडला गेली ती लफबरो विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापन शिकायला. तिथे असतानाच २०१५ मध्ये वेस्ट हॅमच्या महिला संघात शिरली, आणि पहिल्याच सामन्यात कॉव्हेंट्रीकडून पाच गोल खाल्ले. पाच गं! म्हणून ती काही बॅग भरून घरी नाही आली. तिथे टिकली, पुढे गोकुलम केरळकडून इंडियन विमेन्स लीग जिंकली आणि २०२५ मध्ये निवृत्त झाली. आईला हे सांगशील तेव्हा अदितीच्या पदवीचं आधी सांग, गोलांचं नंतर. शिक्षण सोडू नकोस, फुटबॉलच्या पैशावर घर चालणाऱ्या मुली आपल्याकडे फार थोड्या.

दुसरी काळजी बाकावर बसण्याची, हो ना? जागा एकच असते, त्यामुळे वाट बघावीच लागते. इंग्लंडची मेरी अर्प्स दोन वर्षं राष्ट्रीय संघाबाहेर होती, खेळ सोडायच्या विचारात होती. २०२१ मध्ये नव्या प्रशिक्षक सरिना विगमन यांनी तिला परत बोलावलं. २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तिने पेनल्टी अडवली. सामना इंग्लंड हरलं, पण स्पर्धेतली सर्वोत्तम गोलकीपर तीच ठरली. आणि वयाचं म्हणशील तर इटलीचा गोलकीपर डिनो झॉफ याने कप्तान म्हणून १९८२ चा विश्वचषक उचलला तेव्हा तो ४० वर्षांचा होता. तू तर आत्ता कुठे सतरा पूर्ण करतेयस!

उंचीचं रडगाणं नको. गोल ७.३२ मीटर रुंद, हात पसरून तुझ्या वाट्याला त्यातले जेमतेम दीड येतात. उंच मुलीलाही थोडेच जास्त. म्हणून रेषेवर खांबासारखी उभी राहू नकोस, पुढे सरकून मारणारीचा कोन कमी कर. पायांनी पास द्यायचा सरावही हवा. १९९२ पासून आपल्या माणसाने मुद्दाम पायाने दिलेला पास हातात घेता येत नाही, तेव्हा नुसत्या हातांवर आता भागत नाही.

आणि बघ, ग्लोव्हज मशीनमध्ये टाकू नकोस. मी चादरींबरोबर टाकले होते आणि मे महिन्यात गच्चीवर वाळवले. पापडासारखे तडकले! कोमट पाण्यात हाताने धुवायचे, पिळायचे नाहीत, सावलीत वाळवायचे. सामन्याआधी तळवे जरा ओले करायचे, पकड चांगली येते.

चहा घे आता. उद्या सकाळी साडेसहाला मैदानावर ये, नखं कापून.