शिकतानाच ठरवा!

सांता क्लारा युनिव्हर्सिटीत शिकणारी आपली मुले भेटली की मी विचारतो, "पुढे काय?" उत्तर ठरलेले असते : आधी पदवी, मग नोकरी, ग्रीन कार्ड, मनातले काम नंतर.

विद्यार्थी मित्रांनो, टिळक आणि आगरकर यांनी लोकशिक्षणाला वाहून घ्यायचे ठरवले ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकत असतानाच. जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, तेव्हा टिळक २३ वर्षांचे होते. १८८१ मध्ये 'केसरी' निघाला. त्याचे पहिले संपादक आगरकर. १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. १८९५ मध्ये आगरकर गेले, वयाची चाळिशीही न गाठता. ते 'नंतर'साठी थांबले असते तर?

नोकरी जरूर करा. पण मनातल्या कामाला एक जोडीदार शोधा आणि याच सत्रात सुरुवात करा.