शेवटच्या रांगेचा बंदोबस्त

सार्वजनिक समारंभाला जो मनुष्य दिवसाची रोजी बुडवून, पदराला खार लावून आणि उन्हातान्हाची पर्वा न करता येतो, तो त्या समारंभाचा पाहुणा असतो. आणि त्याला पाहुण्यासारखे वागवले जात नसेल, तर व्यासपीठावर कितीही थोर पुरुष विराजमान असोत व कितीही उदात्त विचार उच्चारले जावोत, तो समारंभ फसला असेच म्हटले पाहिजे. हे मत मी पुस्तके वाचून बनवलेले नाही. सोलापुरात ऐन वैशाखात भरलेल्या एका मोठ्या समारंभात जे भोगले आणि डोळ्यांनी पाहिले त्यातून ते बनले आहे, आणि इतरांना त्याचा उपयोग व्हावा या हेतूनेच येथे मांडीत आहे.

निमंत्रणे गावोगाव गेली होती. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा या बाजूंनी माणसे मिळेल त्या वाहनाने आली होती, आणि माझ्याबरोबर माझी थोरली बहीण, आमची अक्का, होती. मैदानाला फाटके अनेक, परंतु सर्वसामान्यांसाठी उघडे एकच. आणि त्या एका फाटकावर सुरक्षिततेच्या सबबीखाली प्रत्येकाच्या हातातील पाण्याची बाटली काढून घेतली जात होती. फाटकालगत त्या बाटल्यांचा गुडघाभर उंच ढीग साचला होता. बहुतेक भरलेल्या, काहींची झाकणेही न उघडलेली. आणि त्या ढिगापासून हाकेच्या अंतरावर, बांबू व दोर यांनी आखलेल्या कप्प्यांत, हजारो माणसे डोक्यावर छप्पर नसताना घोटभर पाण्यासाठी व्याकूळ झाली होती. पाण्याचा टँकर होता. पण तो मंडपामागे, मान्यवरांच्या मोटारींजवळ.

समारंभाची वेळ सकाळची, आणि प्रमुख पाहुणे आले ते सूर्य माथ्यावर आल्यानंतर. मध्यंतरी अक्का पाणी मिळते का ते पाहावे म्हणून उठली, तर छातीवर बिल्ला लावलेला एक तरुण स्वयंसेवक हातातली काठी दोरावर आपटून ओरडला, “ए म्हातारे, खाली बस! उठायचं नाही म्हणून किती वेळा सांगायचं?” सत्तरी ओलांडलेल्या, जन्मभर सर्वांनी मानाने वागवलेल्या त्या स्त्रीच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटले ते मला उन्हाच्या चटक्यापेक्षा अधिक झोंबले. पुढे तिला घेरी आली. तिला कसेबसे धरून फाटकापाशी आणले, तेव्हा तेथील इसमाने शांतपणे सांगितले, “साहेबांच्या गाड्या गेल्याशिवाय फाटक उघडायचा हुकूम नाही.” शेजारच्या कप्प्यातील काही तरुणांनी दोर वर उचलून वाट करून दिली, एका चहावाल्याने आपल्या छपराखाली जागा दिली, म्हणून प्रसंग निभावला.

तो निभावला हे आमचे भाग्य. सर्वांच्या वाट्याला ते येत नाही. 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईतील खारघर येथे आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्रभूषण पुरस्कार देण्याचा समारंभ झाला. लाखो श्रीसदस्य, म्हणजे त्यांचे अनुयायी, भर उन्हात उघड्या मैदानावर बसले होते, व्यासपीठावर मात्र सावली होती. आणि त्या दिवशीच्या उष्माघाताने 14 जणांचे प्राण गेले. त्यानंतर दुपारी बारा ते पाच या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घेतले जाणार नाहीत, असे शासनाने जाहीर केले. त्यापूर्वी 25 जानेवारी 2005 रोजी, पौष पौर्णिमेला, वाईजवळच्या मांढरगडावर काळूबाईच्या यात्रेत अरुंद वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि दुकानांना लागलेली आग यांच्या कात्रीत सापडून तीनशेच्या आसपास भाविक दगावले, आणि चौकशीसाठी न्यायमूर्ती राजन कोचर यांचा आयोग नेमावा लागला. दोन्ही ठिकाणी माणसे श्रद्धेने आली होती आणि सांगितले तेथे उभी राहिली वा बसली होती. म्हणून असल्या प्रसंगानंतर ‘गर्दीच बेशिस्त होती’ हा जो निर्वाळा दिला जातो, तो मला मान्य नाही.

दोषाचे मूळ, माझ्या मते, एकच आहे. आपल्याकडे बंदोबस्त आखला जातो तो व्यासपीठाकडून मैदानाकडे. मान्यवर कोठून येतील, कोठे उतरतील, केव्हा निघतील याची तजवीज बारकाईने होते, आणि उरलेल्या जागेत उरलेली माणसे बसवली जातात. वास्तविक ज्याप्रमाणे पंगतीची परीक्षा शेवटच्या पानावर होते, त्याप्रमाणे बंदोबस्ताची परीक्षा शेवटच्या रांगेत व्हावयास हवी.

हे आपल्याला अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. संक्रांतीच्या सुमारास भरणारी सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा सोलापूरकरांच्या परिचयाची आहे. पांढऱ्या बाराबंदीतील भक्त सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, तोलीत निघतात, तेव्हा कोणत्या काठीचा क्रम कितवा, मान कोणाचा, वाट कोणती हे सर्वांना ठाऊक असते. आणि संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाच्या अक्षता पडताना मराठी, कन्नड व तेलुगू बोलणारे अवघे शहर तेथे लोटते. तरीही केवळ परंपरेवर विसंबून भागत नाही. याच यात्रेत होम मैदानावर आपत्कालीन रस्ता मोकळा ठेवण्यावरून शहरात मोठा वाद झाला होता. जो रस्ता वर्षभर रिकामा दिसतो, तोच एखाद्या घटकेला शेकडो जीव वाचवतो, हे ध्यानात घेतले की वादाला जागा उरत नाही.

आता समारंभाला जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. उपाशीपोटी जाऊ नये. मीठ-साखरेचे पाणी, टोपी अथवा पंचा जवळ ठेवावा, आणि पाणी काढून घेतले जात असेल तर आत ते कोठे मिळेल, हे विचारल्याविना पाऊल टाकू नये. आत शिरताच बाहेर पडण्याची दुसरी वाट हेरावी व मधोमध न बसता कडेला बसावे. मुले व वृद्ध यांच्या खिशात नाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी, आणि चुकामूक झाल्यास भेटण्याची जागा आधीच ठरवावी. कारण ऐन गर्दीत मोबाईल लागेलच असे नाही. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहांहून अधिक माणसे कोंबली गेली की पाय आपल्या स्वाधीन राहत नाहीत, आणि चेंगराचेंगरीत माणूस बहुधा श्वास कोंडूनच मरतो, तोही कित्येकदा उभ्याउभ्या. म्हणून दाटी वाढताच दोन्ही हात छातीपुढे धरावेत, लोंढ्याच्या उलट न जाता तिरपे सरकत कडेला यावे, भिंतीपासून दूर राहावे आणि सुटलेली चप्पल उचलण्यासाठी कदापि वाकू नये. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला वा अंग तापून शुद्ध हरपू लागली, तर त्याला सावलीत न्यावे, अंगावर ओले फडके फिरवून वारा घालावा व 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतू नये.

आणि अपमान झाला असेल, तर तो गिळून घरी परतू नये. तारीख, वेळ, फाटक, घडलेला प्रकार यांची नोंद करून आयोजकांकडे लेखी कैफियत द्यावी व तिची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावी. कारण 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच असते. मौखिक संताप दुसऱ्या दिवशी विरून जातो, लेखी अर्ज दप्तरात राहतो.

आयोजकांना विनंती एवढीच की, येण्याची व जाण्याची वाट वेगळी असावी, प्रत्येक कप्प्यात सावली व पाणी असावे, कोणाच्याही मोटारीसाठी फाटक बंद ठेवले जाऊ नये, आणि स्वयंसेवकाला बिल्ला देण्यापूर्वी वडीलधाऱ्यांशी कसे बोलावे हे सांगावे. आराखड्यावर सही करण्यापूर्वी त्यांनी स्वतः भर दुपारी त्या मैदानाच्या शेवटच्या रांगेत तासभर बसून पाहावे, आणि तेथे आपल्या आईला बसवण्याची मनाची तयारी असेल तरच निमंत्रणपत्रिका छापावयास द्याव्यात.