पऱ्हाटीपासून 'फँड्री'पर्यंत : कृष्णवर्णीयांचा सिनेमा आपल्या वर्गात कसा घ्यावा?



नववी-दहावीच्या पोरांनी 'ब्लॅक पँथर' पाहिलेला असतो. कोणी मोबाईलवर, कोणी हिंदीत डब केलेला. छातीवर दोन्ही हात आडवे धरून 'वकांडा' म्हणत एकमेकांना सलाम करणारी पोरं चांदूर बाजारातही सापडतील. आपण मोठी माणसं त्याला मारधाडीचा इंग्रजी पिच्चर म्हणतो अन् सोडून देतो. पण वंश, ओळख आणि साहेबाच्या राज्यानं मागे ठेवलेलं ओझं हे इतिहासाच्या पुस्तकात कोरडे वाटणारे विषय या सिनेमामुळे पोरांच्या तोंडी आपसूक येतात. तेव्हा तो वर्गात जरूर घ्या. मात्र सुरुवात अमेरिकेपासून करू नका, आपल्या वावरातल्या पऱ्हाटीपासून करा. तसं का, ते पुढे सांगतो.

'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' हा २०१३ चा सिनेमा, दिग्दर्शक स्टीव्ह मॅक्वीन. सॉलोमन नॉर्थप या खऱ्या माणसाची ही गोष्ट. तो न्यूयॉर्क राज्यातला स्वतंत्र कृष्णवर्णीय नागरिक, व्हायोलिन वाजवणारा. १८४१ मध्ये त्याला फसवून पळवलं आणि दक्षिणेत लुईझियानात गुलाम म्हणून विकलं. बारा वर्षांनी, १८५३ च्या जानेवारीत, तो सुटला आणि त्याच वर्षी त्याचं पुस्तक छापून आलं. सिनेमात फार क्रूर दृश्यं आहेत, त्यामुळे तो पूर्ण सिनेमा शाळकरी मुलांना दाखवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातला एकच प्रसंग तोंडी सांगा, तेवढा पुरतो. दिवसभर कापूस वेचून झाला की संध्याकाळी प्रत्येक गुलामाचा कापूस काट्यावर मोजतात. दोनशे पौंड, म्हणजे साधारण नव्वद किलो, हे नेहमीचं माप. त्यापेक्षा कमी भरला तर फटके. पॅट्सी नावाची मुलगी रोज पाचशे पौंडांच्या वर वेचते, म्हणजे सव्वादोनशे किलोहून जास्त, आणि तिच्याही वाट्याला शेवटी चाबूकच येतो.

आता वर्गाला विचारा : तुमची आई, आजी, मामी दिवसाला किती किलो वेचते? वेचणीचा भाव किलोमागं काय चालू आहे? काटा कोणाच्या हातात असतो? हे प्रश्न विचारले की मागच्या बाकावरची पोरं बोलू लागतात, कारण याचं उत्तर त्यांच्याकडे असतं आणि आपल्याकडे नसतं. नव्वद किलो म्हणजे किती, हे पुण्या-मुंबईच्या पोराला आकड्यावरून कळणार नाही, पण ज्याच्या घरची बाई कंबरेला ओटा बांधून वेचणीला जाते त्याला ते लगेच कळतं.

मग फळ्यावर १८५३ हे साल लिहा. नॉर्थप सुटला त्याच वर्षी मे महिन्यात हैदराबादच्या निजामानं कर्जापोटी वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. हा निव्वळ योगायोग आहे हे मुलांना सांगा, पण पुढे जे घडलं तो योगायोग नव्हता. लँकेशायरच्या गिरण्यांना बहुतेक कापूस अमेरिकेतून, गुलामांनी वेचलेला मिळत होता. १८६१ ते १८६५ तिथे यादवी युद्ध झालं, कापसाची जहाजं थांबली. गिरण्यांना दुसरीकडचा कापूस हवा होता आणि साहेबाची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर आली. भाव आभाळाला भिडले. रेल्वेचं काम जोरात चाललं, १८६७ मध्ये लोहमार्ग बडनेऱ्यावरून नागपूरला पोचला. कापसासाठी वेगळा कॉटन कमिशनर नेमला गेला. युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस पुन्हा सुरू झाला आणि भाव कोसळले. ज्वारीच्या जागी पऱ्हाटी मात्र वाढतच गेली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात माणसं का मेली, हे शिकवताना हा धागा सोडू नका. पाऊस कमी झाला एवढंच उत्तर अपुरं आहे. धान्य बाजारात होतं, पण ते घ्यायला मजुराच्या हातात पैसा नव्हता.

म्हणजे अमेरिकेतला गुलाम आणि वऱ्हाडातला कास्तकार एकाच बाजाराच्या दोन टोकांना बांधलेले होते. दोघांचं दुःख सारखं होतं असं म्हणू नका, ते खरं नाही. कास्तकार कर्जात बुडाला, गुलाम स्वतःच विकला जात होता. पण दोर एकच होता.

एवढं झाल्यावर 'ब्लॅक पँथर'कडे या. रायन कूगलरचा २०१८ चा सिनेमा. वकांडा हा आफ्रिकेतला काल्पनिक देश, ज्याच्यावर गोऱ्यांनी कधीच राज्य केलं नाही. सगळी गंमत या एका कल्पनेत आहे. "साहेब आलाच नसता तर आपण कसे असतो?" हा प्रश्न तो सिनेमा विचारतो. तिथले लोक आपसात बोलतात ती खोसा भाषा मात्र खरी आहे, दक्षिण आफ्रिकेतली, नेल्सन मंडेलांची मातृभाषा. वेशभूषेसाठी रूथ कार्टर आणि कलादिग्दर्शनासाठी हॅना बीचलर यांना ऑस्कर मिळालं. त्या दोन विभागांत हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती.

एक प्रसंग मात्र नीट थांबवून दाखवा. किलमाँगर लंडनच्या संग्रहालयात आफ्रिकेच्या वस्तू बघत उभा असतो. या वस्तू तुमच्या पूर्वजांनी विकत घेतल्या की हिसकावल्या, असा त्याचा गोऱ्या बाईंना रोख असतो. इथे पोरं हमखास कोहिनूर काढतात, काढू द्या. या प्रसंगात आणखी एक गोष्ट आहे आणि ती चटकन लक्षात येत नाही. पहारेकऱ्यांची नजर सारखी किलमाँगरवर आहे. तो वस्तू बघतोय, आणि ते त्याला बघतायत. सिनेमा शिकवताना "कोण कोणाला बघतंय?" हा एक प्रश्न जरी मुलांच्या अंगवळणी पडला तरी पुष्कळ झालं.

"आपल्याकडे कुठं असं गोरं-काळं असतं सर?" असं कोणीतरी विचारेलच. वर्गात 'काळ्या' नावानं हाक मारली जाणारा पोरगा त्या वेळी खाली मान घालून बसलेला असतो. गोरेपणाची जाहिरात करणाऱ्या 'फेअर अँड लव्हली'नं २०२० मध्ये नावातला 'फेअर' काढला, हे मुलांना माहीत असतं. पण उत्तर तिथेच संपवू नका. आपल्याकडे रंगापेक्षा जात खोलवर गेलेली आहे आणि ती कातडीवर दिसत नाही. ती आडनावावरून, वस्तीवरून, बापाच्या धंद्यावरून ओळखली जाते. हा फरक ठेवूनही आपल्या माणसांनी हे नातं फार आधी ओळखलं होतं. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. तिथली गुलामी कायद्यानं संपून तेव्हा आठच वर्षं झाली होती. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले या तरुणांच्या पिढीनं 'दलित पँथर' उभी केली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षाचं नाव घेऊन. सुपरहिरोच्या नावात इतका इतिहास आहे हे कळल्यावर पोरांचे डोळे मोठे होतात.

शेवटी 'फँड्री'. नागराज मंजुळेंचा हा सिनेमा १४ फेब्रुवारी २०१४ ला चित्रपटगृहांत आला. फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. जब्या सावळा, हुशार, शाळेतल्या शालूवर जीव असलेला. काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ फिरणारा. बाप कचरू गावाची डुकरं धरतो. डुक्कर हाती लागणार तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळं कुटुंब ताठ उभं राहतं, डुक्कर निसटून जातं. मग मेलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन ते शाळेच्या भिंतीवरून जातात. त्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई, शाहू महाराज आहेत आणि आपले गाडगेबाबाही. शेंडगावचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. या दृश्यावर मास्तरानं काही बोलू नये.

साहेबाचं ओझं इथंही आहे. १८७१ च्या कायद्यानं काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. पुढे तो कायदा इकडेही लागू झाला आणि कैकाडी समाज त्यात आला. तो रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' याच समाजातून आलेलं आहे. आणखी एक बाब शिक्षकांनी माहीत करून घ्यावी. कैकाडी समाज अमरावती, अकोल्यासह विदर्भातल्या जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आहे, उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातीत. चंद्रपूर जिल्ह्यातला राजुरा तेवढा वगळलेला, कारण तो भाग पूर्वी निजामाकडे होता. जुन्या प्रांतांच्या रेघा अजून पोरांच्या दाखल्यावर उमटतात त्या अशा.

'फँड्री' दाखवण्याआधी वर्गात कोण बसलंय याचा विचार करा. जब्याच्या समाजाचं, किंवा तशाच परिस्थितीतलं एखादं लेकरू असेल तर त्याच्याकडे चुकूनही पाहू नका, "तू सांग रे" असं तर मुळीच म्हणू नका. सिनेमा संपल्यावर त्याला 'जब्या' किंवा 'फँड्री' हे टोपणनाव पडलं तर आपण त्या पोराचं नुकसान केलं असं समजा. त्याच्या आईवडिलांशी आधी बोलून घेतलं तर उत्तम. त्यांची इच्छा नसेल तर वर्गात सिनेमा लावू नका, गोष्ट सांगा.

शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे पाहणाऱ्याकडे येतो. दिवे लावा आणि त्या दिवशी चर्चा घेऊ नका. दुसऱ्या दिवशी कोरे कागद वाटा, प्रश्न एकच : दगड कोणाला लागला? नाव लिहायचं नाही. कागद गोळा करून घरी न्या, एकट्यानं वाचा, वर्गात मोठ्यानं वाचू नका.