दुखण्यातून उपजलेले दुखणे : माजी सैनिकांच्या अपंगत्व-पेन्शनचा एक दुर्लक्षित भाग

आपल्या न्यासाच्या कार्याचा आढावा या स्मरणिकेत इतरत्र आलाच आहे. आम्ही येथे एका व्यवहारी प्रश्नाकडे सभासदांचे व त्यांच्या कुटुंबीयांचे लक्ष वेधू इच्छितो. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राचे गाव. शहरात, तसेच खानापूर, निपाणी, चिकोडी या बाजूस माजी सैनिकांची घरे पुष्कळ आहेत. त्यांपैकी काहींना सेवेत झालेल्या दुखापतीबद्दल अपंगत्व-पेन्शन मिळते. परंतु त्याच दुखापतीमुळे पुढे दुसरे दुखणे जडले, तर त्याचाही विचार व्हावा म्हणून अर्ज करता येतो, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानीमनीही नसते.

प्रथम एक उदाहरण घेऊ. समजा, कामगिरीवर असताना मोटार उलटून एका शिपायाचा डावा पाय कायमचा अधू झाला. मेडिकल बोर्डाने अपंगत्व ४० टक्के ठरवले, पेन्शन सुरू झाली, गडी गावी आला. पुढे दहा-बारा वर्षे सगळा भार उजव्या पायावर टाकून तो चालला. आता उजवा गुडघा झिजला, कंबर धरली. घरची माणसे म्हणतात, "वय झाले." तोही तसेच समजतो. वस्तुतः हे दुखणे त्या पहिल्या दुखापतीचेच अपत्य असू शकते. डोक्याला मार लागलेल्यास काही वर्षांनी फेफरे येऊ लागते. पाठीचा कणा दुखावलेल्यास मूत्रमार्गाचे विकार होऊन मूत्रपिंडावर परिणाम होतो. वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यास पोटात व्रण होतात. ही सारी त्याच जातीची उदाहरणे होत.

नियम काय म्हणतात?

अमेरिकेत माजी सैनिकांच्या अशा दाव्यास स्वतंत्र नियम आहे. सेवेशी निगडित ठरलेल्या दुखापतीचा परिणाम म्हणून जी व्याधी उद्भवेल, तीही सेवेशी निगडित धरावी, असे तो सांगतो. १९९५ साली तेथील न्यायालयाने त्यापुढे जाऊन, दुसरी एखादी व्याधी मूळ दुखापतीमुळे बळावली असेल तर बळावल्याइतक्या भागाचीही भरपाई द्यावी, असे ठरवले.

आपल्याकडील नियमांचा मूळ प्रश्न एकच आहे : हे अपंगत्व लष्करी सेवेमुळे उद्भवले काय, किंवा सेवेमुळे बळावले काय? म्हणून दुसऱ्या दुखण्याचा अर्ज करणाऱ्याने साखळीचे दोन दुवे दाखवावेत. पहिला, मूळ दुखापत सेवेतली. दुसरा, नवे दुखणे त्या दुखापतीतून आलेले. पहिला दुवा पेन्शनच्या आदेशातच असतो. सारी मेहनत दुसऱ्यावर घ्यायची असते.

ही गोष्ट मांडण्याचे मार्ग दोन. संरक्षण खात्याच्या ७ फेब्रुवारी २००१ च्या आदेशानुसार कायम स्वरूपाच्या अपंगत्वाची टक्केवारी एकदा ठरली की ती आयुष्यभराची. मात्र सैनिकाने स्वतः मागणी केल्यास फेरतपासणी होऊ शकते. हा आदेश १९९६ पासून सेवेबाहेर पडलेल्यांसाठी आहे. सरकार आपण होऊन बोलावणार नाही, मागणी आपणच केली पाहिजे, हे त्यातले मर्म. दुसरा मार्ग सेवानिवृत्तीनंतर उद्भवलेल्या रोगाचा. २००८ च्या नियमांप्रमाणे, सेवा सोडल्यापासून ७ वर्षांच्या आत दिसून आलेला रोग सेवेतील परिस्थितीने सुरू झालेल्या विकाराचेच उशिरा प्रकटलेले रूप आहे, असे वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मान्य केल्यास तो सेवेमुळे झालेला धरता येतो.

येथे एक सावधगिरी. कोणते नियम लागू होणार हे सेवा सोडल्याच्या तारखेवर ठरते. पूर्वीचे नियम १९८२ चे, १ जानेवारी २००८ पासून बाहेर पडलेल्यांना २००८ चे, आणि २१ सप्टेंबर २०२३ पासून पुढे २०२३ चे. शेजाऱ्याला मिळाले म्हणून आपल्यालाही त्याच कलमाने मिळेल, असे समजू नये.

यात लाभ किती?

दोन अपंगत्वे असली की बोर्ड एक एकत्रित आकडा ठरवते. ती सरळ बेरीज नसते. पुढे तो आकडा वरच्या टप्प्यावर नेला जातो : ५० च्या खाली असल्यास ५०, ५० ते ७५ असल्यास ७५, आणि ७६ च्या पुढे १००. ही सवलत प्रथम अपंगत्वामुळे सेवेतून मुक्त केलेल्यांना १९९६ पासून होती; मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही ती मिळावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली राम अवतार यांच्या खटल्यात दिला.

आता आपल्या शिपायाचा हिशेब पाहू. पूर्ण अपंगत्वास पेन्शनचा अपंगत्वाचा भाग अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के असतो. वेतन ४०,००० रुपये धरल्यास तो १२,००० रुपये होतो. मूळचे ४० टक्के ५० धरले जाऊन त्यास दरमहा ६,००० रुपये मिळतात. उजवा गुडघा व कंबर मान्य होऊन एकत्रित आकडा ५५ झाला, तर ७५ टक्क्यांप्रमाणे ९,००० रुपये होतील. वर्षाचा फरक ३६,००० रुपये, आणि त्यावर महागाई भत्ता वेगळा. खेड्यातल्या घरास ही रक्कम लहान नव्हे.

कागद जपा

२००८ च्या नियमांत एक वाक्य असे आहे, की ते प्रत्येक सैनिकाच्या घरी ठाऊक असावे. सामान्यतः सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर नसतो. परंतु सेवा सोडून १५ वर्षे होऊन गेली व तोवर सरकारी दप्तरातील कागद मुदतीप्रमाणे नष्ट झाले, तर तो भार अर्जदारावर येतो. म्हणजे पंधरा वर्षांनंतर आपल्या ट्रंकेत जे असेल त्यावरच मदार! डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, दुखापतीचा अहवाल, मेडिकल बोर्डाचे कामकाज आणि लष्करी रुग्णालयातून सुटतानाचे कागद एका पिशवीत घालून ठेवावेत व त्यांच्या प्रती दुसऱ्या ठिकाणी ठेवाव्यात. जे नसेल ते रेकॉर्ड ऑफिसकडे मागावे. माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या शुल्काने अर्ज करता येतो.

डॉक्टरांच्या दाखल्यावर बरेच अवलंबून असते. "गुडघेदुखी आहे, विश्रांती घ्यावी" एवढ्या दाखल्याचा उपयोग नाही. डॉक्टरांना जुने कागद दाखवून तीन गोष्टी लिहून मागाव्यात : नव्या दुखण्याचे नेमके निदान, ते केव्हापासून दिसते, आणि मूळ दुखापतीशी त्याचा संबंध त्यांच्या मते कसा व का आहे. यातले "का" सर्वांत महत्त्वाचे. डॉक्टरांचे मत प्रतिकूल असल्यास तेही शांतपणे ऐकावे. वयाने आलेले दुखणे सेवेच्या माथी मारू नये. खोट्या दाव्याने खऱ्या दावेदाराचे नुकसान होते.

नकार आल्यास

बोर्ड मान्य करीलच असे नाही. परंतु पहिला नकार म्हणजे शेवट नव्हे. सहा महिन्यांच्या आत पहिले अपील, त्यानंतर दुसरे अपील, आणि पुढे २००९ पासून सुरू झालेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. धरमवीर सिंह यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले, की भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल तर तो सेवेमुळे झाला असे गृहीत धरावे, आणि बोर्डास उलट वाटत असेल तर त्याने कारणे द्यावीत. उशीर मात्र करू नये. तरसेम सिंह यांच्या खटल्यातील २००८ च्या निकालानुसार मागची थकबाकी सामान्यतः तीनच वर्षांची मिळते.

घरच्या बायकांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. २००८ च्या नियमांत, अपंगत्व-पेन्शन घेणारा सैनिक सेवा सोडल्यापासून ७ वर्षांत घरी वारला व मृत्यूचे कारण निश्चित सांगता येत नसेल, तर विरुद्ध जाणारे दुसरे कारण नसल्यास संशयाचा फायदा कुटुंबास द्यावा असे म्हटले आहे. मृत्यू त्या अपंगत्वामुळेच झाला असे ठरल्यास विशेष कुटुंब-पेन्शन अखेरच्या वेतनाच्या ६० टक्के असते. साधी ३० टक्के. म्हणून मृत्यूच्या दाखल्यावर कारण काय लिहिले जाते, इकडे त्या दुःखातही कोणीतरी लक्ष दिले पाहिजे.

आपला न्यास अडल्यानडल्यास मदत करतो, ही भूषणाची गोष्ट आहे. परंतु ज्याचे स्वतःचे देणे सरकारकडे राहून गेले आहे, त्याच्या हाती आधी त्याचा हक्क पडावा व मग आपली मदत, हाच योग्य क्रम होय. आपल्या आळीतील एखादे फौजी काका लंगडताना दिसले, तर लिहिता-वाचता येणाऱ्या एखाद्या तरुणाने एक संध्याकाळ त्यांच्याजवळ बसावे, ट्रंक उघडून कागद लावावेत आणि त्यांच्यासह जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक सभासदाने असे एक घर जरी पाहिले, तरी हा लेख लिहिल्याचे आम्हांस समाधान वाटेल.