भाकरी खातो, मग साखर का वाढते?

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा मलाही अभिमान आहे. पण "डॉक्टर, चपाती सोडली, आता भाकरीच खातो, गोळी बंद करू का?" हा प्रश्न मला वरचेवर ऐकावा लागतो.

गोळी बंद करू नका. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ७० ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात, गव्हातही जवळपास तेवढेच. पोटात गेल्यावर त्यांची साखरच होते. ती पेशींपर्यंत पोहोचवणारे इन्सुलिन स्वादुपिंड ही ग्रंथी तयार करते. मधुमेहात ते कमी पडते किंवा त्याचा पुरेसा परिणाम होत नाही. ज्वारी हे त्यावरचे औषध नव्हे.

भाकरी जरूर खा; पण तीनऐवजी एक, सोबत मटकीची उसळ, मेथीची भाजी, काकडी. हुरडा हेही जेवणच. त्यावर पुन्हा भाकरी नको. मात्र गोळी घेऊन उपाशीही राहू नका. दरदरून घाम सुटला, हातपाय थरथरले, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या.

एकदा भाकरीच्या जेवणानंतर दोन तासांनी रक्त तपासून पाहा. आकडा १८० च्या वर गेला, तर तो कागद घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा.